आडवाटेच्या गाडीची अवजारपेटी

परभणी जिल्ह्यातील काळी जमीन वैशाखात पाहिलेल्या माणसास तीच जमीन आषाढात दाखविली, तर ती त्याच्या ओळखीची राहात नाही. वैशाखात शिवारभर भेगा पडलेल्या असतात आणि त्या चुकवीत एखादी जीपगाडी बांधाबांधाने, आडरानातून, जेथे म्हणावे तेथे जाते. पुढे मृगाच्या दोन सरी कोसळतात, आणि काल ज्या ढेकळावरून पहार उलटून येत होती त्यात आज पाय घोट्यापर्यंत रुततो. पाय वर काढावा तर वहाण आत राहते. वहाण ओढावी तर तिच्याबरोबर किलोभर चिखल वर येतो.

या चमत्काराचे कारण जमिनीच्या जन्मातच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर गोठून दख्खनचा काळा पाषाण बनला आणि तो झिजून ही माती झाली. तिच्यातील चिकण भागात माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे कण पातळ पापुद्र्यांचे असून पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते. म्हणून ही माती पाणी पिऊन फुगते आणि पाणी आटले की आकसून फाटते. कापसाला आणि ज्वारीला हा गुण वरदान आहे. मोटारीच्या चाकाला तो शाप आहे. ओली काळी माती चाकाच्या खाचांत बसते, दहा पावलांत त्या खाचा भरून जातात, आणि नवे कोरे टायरही पाट्यावरच्या वरवंट्यासारखे गुळगुळीत होते. गाडीची चारही चाके यंत्राने फिरणारी असली तरी चार वरवंटे फिरू लागतात, एवढाच फरक.

उलट, उत्तरेस जिंतूरच्या आणि दक्षिणेस गंगाखेडच्या डोंगराळ भागात मुरूम व फुटका काळा दगड आहे. तेथे गाडी रुतत नाही, पण दगडाची धार टायरची कूस कापते. म्हणजे एकाच जिल्ह्यात वाहनाला दोन वेगळे वैरी भेटतात, आणि अवजारपेटी भरताना दोघांचाही विचार करावा लागतो.

हा विचार कोणी करावा? ज्यांचे राहणे परभणीस, संभाजीनगरास किंवा पुण्यास आहे आणि शेती मात्र पालम, सोनपेठ अथवा मानवत तालुक्यातील एखाद्या खेड्यात आहे, अशी सुशिक्षित कुटुंबे आज पुष्कळ आहेत. त्यांच्या दारी उंच बांध्याची दणकट गाडी असते. सुगीच्या दिवसांत किंवा सणावारी ती गावाकडे जाते. गावापर्यंत डांबर असते. गावापासून शेतातील आखाड्यापर्यंत मात्र पांदण असते, आणि ही शेवटची दोन-तीन किलोमीटरेच कसोटीची असतात. राज्य शासनाने २०२१ साली ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना’ काढली तीही याच शेवटच्या टप्प्यासाठी. ज्या पांदणीवर खडी पडली तेथील प्रश्न सुटला. जेथे पडली नाही तेथे तो दरवर्षी श्रावणात नव्याने उभा राहतो. आणि तो केवळ गैरसोयीचा प्रश्न नसतो. आखाड्यावर कोणाला साप चावतो, वाडीवरील एखाद्या सुनेला रात्री अकरा वाजता कळा सुरू होतात, आणि त्या वेळी आसपास असलेली एकमेव चारचाकी म्हणजे शहरातून आलेल्या पाहुण्यांची गाडी. ती पांदणीत अडकली, तर रुग्णाचे दोन तास तेथेच जातात. पेटीत काय आहे आणि काय नाही, याचा हिशेब अशा रात्री होतो.

गाडी विकत घेताना तिच्याबरोबर कारखान्याकडून काही अवजारे मिळतात: एक जॅक, त्याचा दांडा, चाकाचे नट सोडविण्याचा एक पाना, आणि फार तर एखादा स्क्रूड्रायव्हर. पुष्कळ मालकांची समजूत अशी की, कारखानदाराने विचार करूनच हे दिले असणार. विचार त्याने केलेला असतो. पण तो डांबरी सडकेचा. सपाट, टणक रस्त्यावर चाक बदलावयाचे आणि पुढच्या गावी पंक्चरवाल्याकडे जावयाचे, एवढाच प्रसंग त्याच्यापुढे होता.

ज्यांनी आडरानाचा विचार केला त्यांची पेटी निराळी होती. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून अमेरिकेने जी विलीज जीप लाखांनी बनविली, तिच्या डाव्या अंगाला, चालकाच्या बैठकीखाली, दोन अवजारे पट्ट्यांनी बांधलेली असत. ती म्हणजे फावडे आणि कुऱ्हाड. पाने व पकडी गाडीच्या आत होत्या. पण हात घालताच सापडतील अशा जागी बाहेर बांधली होती ती ही दोन. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत महिंद्र आणि महिंद्र कंपनीने हीच जीप सुटे भाग आणून मुंबईत जुळविण्यास आरंभ केला, आणि पुढे २००० साली बाजारात आलेली तिची बोलेरो मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत घरोघर माहीत झाली. गाडीचा वंश चालू राहिला. फावडे मात्र वाटेत कोठे गळून पडले.

त्याहून जुना दाखला बैलगाडीचा आहे. जुना गाडीवान लांबच्या खेपेला निघताना वंगणाचा नळा आखाला टांगी, सोलाचा एक जादा वेढा धुरेला गुंडाळी, कुऱ्हाड बाजेखाली खोवी आणि चाकाची एक जादा खीळ कनवटीस लावी. त्याला कोणी यादी दिलेली नव्हती. वाटेत काय मोडते आणि त्यातले आपल्या हातून काय सुधारते, हे त्याला ठाऊक होते. अवजारपेटीचे सारे शास्त्र या दोन प्रश्नांत आहे. जे मोडण्याचा संभव नाही त्याचे अवजार नको; आणि जे मोडले तरी आपणास सुधारता येणार नाही त्याचेही नको. ही चाळणी लावली म्हणजे बाजारातील चकचकीत पेट्यांतील अर्धे सामान आपोआप गळते.

परभणीच्या काळ्या रानात पहिला मान फावड्याचा. त्याचे कारण कळण्यास गाडी रुतते म्हणजे काय होते हे पाहिले पाहिजे. बोलेरोसारख्या गाड्यांत मागची दोन चाके इंजिनाच्या बळाने फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. म्हणून दोहोंच्या मध्ये, मागच्या धुऱ्यावरील गोल पेटीसारख्या भागात, डिफरन्शिअल नावाची दातेरी चाकांची योजना असते. ती दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. चिखलात पडलेले चाक फारच थोड्या जोराने गरगर फिरते. तेवढाच थोडका जोर दुसऱ्या, कोरड्यावर असलेल्या चाकाला मिळतो आणि ते जागचे हलत नाही. चालक घाबरून ॲक्सिलरेटर दाबतो. फिरणारे चाक स्वतःच खड्डा खणते, आणि शेवटी ती गोल पेटी जमिनीवर टेकते. गाडी मग चाकांवर नसून पोटावर बसलेली असते. अशा गाडीला दहा माणसांनी ढकलून काही होत नाही. दहा माणसे चिखलाने माखतात एवढेच.

म्हणून पहिली गोष्ट, चाक जागेवर फिरू लागताच थांबावे. दुसरी गोष्ट, उतरून पोटाखालचा आणि चारही चाकांच्या पुढचा चिखल काढावा. याला लांब दांड्याचे फावडे चालत नाही. गाडीखाली ते फिरत नाही. दोन-अडीच फूट दांड्याचे, टोकदार पात्याचे फावडे सर्वांत बरे. घडीचे फावडे दुकानात ऐटदार दिसते, पण त्याचा सांधा ओल्या काळ्या मातीत फार काळ टिकत नाही. पाते खरवडण्यासाठी एक लाकडी पट्टी हवी, कारण दर तिसऱ्या घासाला माती पात्यालाच चिकटून बसते. ही पट्टी कोणत्याही दुकानात मिळत नाही; घरी तासावी.

खणून झाल्यावर चाकाखाली काहीतरी घालावे लागते. या बाबतीत एक मौजेची हकीकत आहे. राल्फ बॅग्नोल्ड हा इंग्रज लष्करी अधिकारी १९२० नंतरच्या दशकात ईजिप्तच्या वाळवंटात मोटारी घेऊन हिंडत असे. कैरोच्या जुन्या बाजारात त्याला लोखंडी पत्र्याच्या जाड पन्हळी सापडल्या. त्या पहिल्या महायुद्धात खंदकांची छपरे करण्यासाठी बनविलेल्या होत्या. त्या त्याने रुतलेल्या चाकांखाली घातल्या आणि गाड्या वाळूतून निघाल्या. आज दुकानांत ज्या रंगीत प्लॅस्टिकच्या फळ्या भारी किमतीला मिळतात, त्या या पन्हळींच्या नाती. त्या चांगल्या असतात. परवडत असल्यास दोन घ्याव्यात. पण परभणीच्या शिवारात निसर्गाने आणि शेतकऱ्याने दुसरी सोय ठेवलेली आहे. बांधावर तुराट्यांचे आणि पळाट्यांचे ढीग असतात. त्या मालकास विचारून घ्याव्यात, आणि चाकाच्या वाटेवर आडव्या, एकावर एक, जाडसर थराने पसराव्यात. बारदानाची दोन रिकामी पोती वर टाकली म्हणजे पकड आणखी चांगली येते. तुराटीचे कोयत्याने तासलेले टोक सुळासारखे असते; ते चाकाकडे येऊ देऊ नये. पोती मात्र गाडीतच असावीत. ती वजनाला काही नाहीत. गुडघे टेकण्यास, अवजारे मांडण्यास आणि दोर झाकण्यासही कामास येतात.

काहीजण सांगतात की टायरमधील हवा कमी करावी. गोदावरीच्या पात्रातील वाळूत हा उपाय खरोखर उत्तम आहे. पस्तीस पौंडांची हवा वीस पौंडांवर आणली की टायर पसरते आणि वाळूत कमी बुडते. ओल्या काळ्या मातीत त्याचा गुण थोडाच येतो, कारण तेथे मुख्य अडचण खाचा भरण्याची आहे. आणि हवा काढावयाची असेल तर ती पुन्हा भरण्याचा पंप व दाब मोजण्याचे घड्याळ जवळ पाहिजे. नाहीतर मऊ टायरांनी डांबरावर वेगाने गेल्यास टायर तापून फुटते.

फावडे आणि पोती यांनीही भागले नाही, तर टोचन. हा शब्द आता मराठीत इतका मुरला आहे की, तो इंग्रजीतील ओढणे आणि साखळी या अर्थाच्या दोन शब्दांचा संकर असावा, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. परभणी जिल्ह्यात टोचनाला ट्रॅक्टर मिळतो, ही मोठीच सोय आहे. ट्रॅक्टरवाल्याकडे दोर असेलच असे नाही. असला तर तो विहिरीचा कुजका सोल असण्याचा संभव. म्हणून दोर आपला असावा. तो कसा असावा यावर येथे थोडे थांबून बोलणे अवश्य आहे, कारण पेटीतील जी दोन-तीन अवजारे माणसाचा जीव घेऊ शकतात त्यांत हे एक आहे.

भरलेली गाडी सुमारे सव्वादोन टनांची धरली, तर दोर निदान पाच-सहा टनांना न तुटणारा घ्यावा. चिखल गाडीला धरून ठेवतो, म्हणून प्रत्यक्ष ओढ वजनाहूनही अधिक होऊ शकते. रुंद विणलेला पट्टा लोखंडी तारेपेक्षा हाताळण्यास बरा. नायलॉनचा दोर ताणला की लांबतो आणि त्या लांबण्यात शक्ती साठते, धनुष्याच्या दोरीत साठते तशी. तो तुटला, अथवा ज्याला बांधला तो आकडाच उपटला, तर ती सारी शक्ती त्या लोखंडाच्या तुकड्याला मिळते आणि तो गोफणीतील दगडासारखा सुटतो. म्हणून दोर बंपरला कधीही बांधू नये. ज्या आकड्याला मागची गाडी जोडतात त्या गोल मुंडीलाही नको. तो गाडीच्या सांगाड्याला पक्क्या असलेल्या ओढण्याच्या कडीलाच लावावा. नव्या गाड्यांत ही कडी सुटी असते आणि पुढच्या झाकणामागील भोकात पिळून बसवावी लागते. ती कोठे ठेवली आहे हे घरीच पाहून ठेवावे. जोडण्यासाठी पाऊण इंची शॅकल घ्यावी. तिच्यावर पावणेपाच टनांचा आकडा कोरलेला असतो. ज्या शॅकलवर आकडाच नाही ती घेऊ नये. तिची खीळ पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्यावी, म्हणजे ओढ बसल्यावर ती जाम होत नाही. दोराच्या मध्यावर ओले पोते टाकावे. दोर तुटलाच तर पोते त्याला खाली पाडते. आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणी उभे राहू नये. या शेवटच्या नियमाचे पालन सर्वांत कठीण, कारण गाडी निघते कशी हे पाहण्यास सारा गाव जमलेला असतो आणि मुले अगदी पुढे असतात. ट्रॅक्टरवाल्यास हिसका न देता हळूहळू ओढावयास सांगावे. पोटाखालचा चिखल आधी काढलेला असला की हिसक्याची गरजच पडत नाही.

आता चाकाकडे वळू. जादा चाकाला आपण स्टेपनी म्हणतो. १९०४ साली वेल्समधील लानेली गावातील स्टेपनी नावाच्या रस्त्यावर एका दुकानाने जादा चाकाची युक्ती काढली, त्यावरून हे नाव पडले. विलायतेत ते केव्हाच विसरले गेले, आपल्याकडे मात्र ते घरचे झाले. स्टेपनीतील हवा पाहण्याची आठवण पंक्चर झाल्यावरच होते, आणि तेव्हा तिच्यातही हवा नसते. काळ्या रानात टायरचे शत्रू दोन. पहिला बाभळीचा काटा. दुसरे, तूर किंवा कापूस काढल्यावर जमिनीत राहिलेले धसकट, जे वाळले की खिळ्यासारखे होते. यांची भोके बारीक असतात. ट्यूब नसलेल्या टायरमध्ये ती बुजविण्याचा छोटा संच मिळतो: भोक साफ करण्याचा टोच्या, जाड डोळ्याची सुई आणि चिकट रबराच्या वाती. चाक न काढताही हे काम दहा मिनिटांत होते. पण डोंगरातील दगडाने कूस कापली असेल, तर ही वात तेथे लावू नये. त्या चाकाची जागा स्टेपनीनेच घ्यावी.

स्टेपनी चढविताना पहिली अडचण नटांची येते. गावोगावचे पंक्चरवाले नट हवेच्या यंत्राने आवळतात. अशा गाडीचा नट सामान्यतः दहा-बारा किलोग्रॅम-मीटर जोराने आवळलेला पुरतो. यंत्र त्याच्या पुढे केव्हा जाते ते कळत नाही, आणि गंजाने भर पडते ती वेगळीच. कारखान्याचा पाना सुमारे पाव मीटर लांबीचा असतो. त्याच्या टोकाशी माणसाने तीस किलोचा जोर लावला, तर नटावर साडेसात किलोग्रॅम-मीटर एवढाच पिळा येतो. नट हसतो. त्याच पान्यावर पोकळ नळी चढवून त्याची लांबी साठ सेंटीमीटर केली, तर तेवढ्याच श्रमात पिळा अठरावर जातो. शाळेत शिकलेला तरफेचा नियम आयुष्यात इतक्या रोख व्याजाने क्वचितच परत मिळतो. म्हणून पान्यावर बसेल अशी लोखंडी नळी भंगारवाल्याकडून आणावी. ती बसते की नाही, आणि घरातील सर्वांत अशक्त चालकाच्या हातून तिने नट सुटतो की नाही, हे अंगणात पाहावे. हा चालक घरातील वहिनी किंवा कॉलेजात जाणारी मुलगी असेल, तर तिच्याच हातून पाहावे. मोटार बंद पडताना ती कोणाच्या हातात आहे हे विचारून पडत नाही.

दुसरी अडचण जॅकची. जॅकचा तळ दहा सेंटीमीटर लांब व तेवढाच रुंद, म्हणजे शंभर चौरस सेंटीमीटरांचा धरू. एका कोपऱ्याचे सहाशे किलो वजन त्याच्यावर आले, तर दर चौरस सेंटीमीटरला सहा किलोचा भार पडतो. ओली काळी जमीन हा भार कधीच सोसणार नाही. गाडी वर जाण्याऐवजी जॅक खाली जातो. त्याच जॅकखाली चाळीस सेंटीमीटर लांबीरुंदीची, दीड-दोन इंच जाडीची सागवानी किंवा बाभळीची फळी ठेवली, तर तेच सहाशे किलो सोळाशे चौरस सेंटीमीटरांवर पसरतात आणि भार किलोच्या चारदशांशाहूनही कमी होतो. सरासरी वजनाचा माणूस एका पायावर उभा राहिला असता त्याच्या तळव्याखाली साधारण एवढाच भार असतो. तेव्हा फळी ठेवण्यापूर्वी त्या जागी एका पायावर उभे राहून पाहावे; पाय फारसा रुतला नाही, तर फळीही बहुधा रुतणार नाही. पाय रुतला, तर जागा बदलावी किंवा खाली दगड भरावेत.

चाक वर उचलण्यापूर्वीच, ते जमिनीवर असताना, नट थोडे ढिले करावेत. दुसऱ्या बाजूच्या चाकाला पुढून व मागून दगड लावावेत. आणि केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग घालू नये. काढलेले चाक सांगाड्याखाली आडवे सरकवून ठेवावे. जॅक कलला तरी गाडी चाकावर टेकते, माणसावर नाही. हा नियम जाणते मिस्त्रीही घाईत मोडतात, आणि त्यातूनच प्राणघातक अपघात होतात.

इंजिनासाठी काय घ्यावे, याचे उत्तर गाडीच्या वयावर अवलंबून आहे. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-सहा गाड्यांत इंजिनाचा कारभार संगणकाकडे गेला आहे. त्यातील बहुतेक बिघाड पान्याने सुटणारे नाहीत आणि तेथे हात न घालणेच शहाणपणाचे. जुन्या डिझेल गाडीत अद्याप मालकाचा काही अधिकार शिल्लक आहे. तिने डिझेलच्या नळीत हवा घेतली तर फिल्टरवरील हातपंप दाबून ती काढता येते. त्यासाठी लागणारा पाना नेमका कोणता, हे मिस्त्रीला विचारून तेवढा वेगळा ठेवावा. नव्या-जुन्या दोन्ही गाड्यांना लागणाऱ्या वस्तू थोड्याच आहेत. १० पासून १९ मिलिमीटरपर्यंतचे रिंगपाने, एक स्क्रूपाना, पक्कड, दोन्ही प्रकारचे स्क्रूड्रायव्हर, एक किलोची हातोडी, लवचीक बाइंडिंग तार, इन्सुलेशन टेप, निरनिराळ्या मापांचे फ्यूज, नळ्यांच्या क्लिपा, आणि बॅटरीला बॅटरी जोडण्याच्या जाड तारा. या तारा लावताना आधी धन टोकास धन टोक जोडावे, आणि ऋण तारेचे शेवटचे टोक बंद पडलेल्या गाडीच्या बॅटरीस न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडास, बॅटरीपासून दूर, लावावे. बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने पेट घेतो. गाडीच्या पुस्तकात निराळी जागा सांगितली असेल तर ती प्रमाण मानावी.

येथे जुन्या चालकांची एक युक्ती नमूद करावीशी वाटते. दगड लागून डिझेलची टाकी पाझरू लागली, तर ते कपडे धुण्याच्या साबणाची वडी त्या चिरेवर घासून ती बुजवीत. साबण पाण्यात विरघळतो, डिझेलमध्ये विरघळत नाही. म्हणून गावापर्यंत तो पुरतो. आज त्यासाठी दोन लगदे मळून लावण्याचा एमसीलसारखा पदार्थ मिळतो, पण त्याला सुकण्यास वेळ व कोरडा पृष्ठभाग लागतो. वाहत्या टाकीला साबणच बरा. साबणाची वडी हात धुण्यासही उपयोगी पडते, हा तिचा दुसरा गुण.

पिण्याव्यतिरिक्त पाच लिटर पाणी वेगळे असावे, ते रेडिएटरसाठी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असते आणि झाकण ढिले होताच वाफेसह तोंडावर येते. अर्धा तास थांबावे, मग जाड कापड धरून उघडावे. याशिवाय डोक्याला बांधण्याचा विजेचा दिवा (हातातला नव्हे, कारण हात दोनच असतात), एक किलोचे आग विझविण्याचे नळकांडे, मलमपट्टीची पेटी, मागून येणाऱ्यास दिसेल असा चकाकणारा त्रिकोण, आणि घोट्याच्या वर येणारे बूट. रात्री गवतात उतरताना नाग आणि घोणस यांची आठवण ठेवावी. जिंतूरच्या डोंगरात मोबाइलला सर्वत्र आवाज मिळत नाही. तेव्हा वाटेवरील गावांतील ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्यांची नावे व क्रमांक कागदावर लिहून झाकणाच्या आत चिकटवावेत. आणि एक काठी. ओढ्याचे साचलेले पाणी किती खोल आहे, तळ कसा आहे, हे तिने कळते. वाहते पाणी असेल तर काठीचीही गरज नाही. पुलावरून फूटभर पाणी वेगाने वाहू लागले की ते लहान मोटार उचलू शकते. दोन फुटांत मोठ्या गाडीचाही नेम नसतो. अशा पाण्यावर उतारा देणारे अवजार कोणत्याही पेटीत नाही, आणि गाडीत रुग्ण असला तरी तेथे थांबावेच लागते.

हे सर्व मिळून पस्तीस-चाळीस किलो होते. ते पत्र्याच्या पेटीत कोंबले तर खडखडाटाने डोके उठते, आणि गाडी उलटली तर सुटलेला जॅक तोफेच्या गोळ्यासारखा फिरतो. पाने कॅनव्हासच्या कप्प्यांच्या गुंडाळीत घालावेत. जड वस्तू अगदी खाली, बैठकीमागे, पट्ट्याने जखडाव्यात. फावडे मात्र सर्वांत वर असावे, कारण रुतलेल्या गाडीत सामान उपसून फावडे शोधण्याइतकी मनःस्थिती कोणाची नसते. प्रत्येक अवजाराच्या मुठीला पिवळा रंग द्यावा. काळ्या चिखलात पडलेला काळा पाना पुढच्या नांगरटीलाच सापडतो.

आपल्याकडे खंडेनवमीला अवजारे बाहेर काढून, पुसून, हळदकुंकू वाहून त्यांची पूजा करतात. गाडीलाही त्या दिवशी झेंडूची माळ पडते. पेटी तपासण्यास तो दिवस चांगला, पण तेव्हा पावसाळा संपत आलेला असतो. म्हणून आणखी एक तपासणी मृगापूर्वी, मेअखेरीस, करावी. सारे सामान पोत्यावर मांडावे, यादी पुढे घेऊन एकेक वस्तू मोजावी, पान्यांना तेलाचे फडके फिरवावे, दोर उन्हात पसरून त्याचा धागान्‌धागा पाहावा, स्टेपनीची हवा मोजावी. या मोजणीत पक्कड बहुधा विजेच्या मीटरजवळ सापडते, इन्सुलेशन टेप मुलांच्या क्रिकेटच्या बॅटीवर गुंडाळलेला असतो, आणि हातोडी स्वयंपाकघरात, नारळ फोडण्याच्या कामावर रुजू झालेली असते.